पोशा म्हणून हाक मार

पप्पांच्या कामाच्या ठिकाणी गेटातून आत शिरलं की डाव्या हाताला एक काळा फळा होता. त्यावर वरच्या अंगाला पांढऱ्या रंगानं कायमचं रंगवलेलं होतं, ‘आज का शब्द’, आणि खाली खडूनं रोज एक नवा शब्द, एका बाजूला हिंदीतून, दुसऱ्या बाजूला इंग्रजीतून. उरणच्या अंगाला केंद्र सरकारचं ते मोठं आस्थापन. तिथं पाटीपासून परिपत्रकापर्यंत सगळं दोन्ही भाषांत लागायचं. कामावर जाणारी एवढी माणसं त्या फळ्यासमोरून डबे हलवत निघून जायची, पण थांबून तो शब्द वाचणारा माणूस म्हणजे माझा बाप. मिठागरावर मीठ ओढत मोठा झालेला, खलाशी, म्हणजे हरकाम्या, म्हणून चिकटलेला आणि साहेबांच्या पुढंपुढं न करता, निव्वळ शब्दांच्या जोरावर, आवक-जावकच्या टेबलापर्यंत पोचलेला. तो शब्द कागदावर उतरवून आणणं त्यांना कमीपणाचं वाटे. ते डोक्यात ठेवून आणत. पनवेलला एसटीतून उतरताना त्यांचे ओठ हलत असायचे, आणि ओळखीचं कुणी भेटून मध्येच बोलायला लागलं तर ते हातानंच थांबवायचे, जणू तोंडात पाण्याची चूळ आहे.

पाय धुऊन झाले की ते ताटावर बसायचे आणि आम्हां दोघा भावंडांना, म्हणजे मला आणि मंगलला, शब्द द्यायचे. विलंब, डिले. अनुमोदन, अप्रूव्हल. संलग्नक, एन्क्लोजर. दोन्ही बाजू म्हणून झाल्याशिवाय आई ताटात कालवण वाढायची नाही. शिवाय एक नियम होता. जेवताना ज्याच्या तोंडून ‘नाय’ निघेल त्याचा माशाचा तुकडा दुसऱ्याच्या ताटात. ‘नाही’ चालेल, ‘नहीं’ त्याहून बरं, ‘नो’ म्हटलं तर पप्पांच्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी असे. आम्ही आगरी माणसं, आमच्या बोलीत ‘नाय’ म्हटल्याशिवाय वाक्य पुढं सरकत नाही. त्यामुळे माझे कितीतरी तुकडे मंगलनं खाल्ले. पण हातातली भाकर संपवून भात घेतला की भाताखाली तुकडा सापडायचाच. तो हिराआतेनं ठेवलेला असायचा.

हिराआते पप्पांची धाकटी बहीण. लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवरा खाडीत गेला, तेव्हापासून ती आमच्याकडेच. गव्हाणच्या अंगाला आमचं गाव, तिथलं घर बंद करून आम्ही माझ्या शाळेसाठी पनवेलला आलो तेव्हा तीही आली. येताना पाटा आणला, वरवंटा आणला आणि तिचा आवाज आणला. आते धवलारीण होती. आमच्याकडं लग्न भटजी लावतो ते नंतर, आधी ते धवलारीण लावते. हळद दळण्यापासून मांडव सोडेपर्यंत प्रत्येक विधीला तिचं गाणं, धवला, आणि ती गाऊन सांगेल तसं घरच्यांनी करायचं. आता कलश ठेवा, आता नवरीच्या आयशीनं उठा, आता मामानं पुढं या. हे सगळं तिला तोंडपाठ होतं, आणि नुसतं गाणं नव्हे, घराघरातल्या मेलेल्या माणसांची नावंही. कारण हळदीच्या दिवशी देवांना बोलावून झालं की ती त्या घरातल्या गेलेल्यांना एकेकाला नावानं हाक मारून मांडवात बोलवायची. आमक्या बाबा, मांडवान ये, हलदीला हात लाव. जुन्यापासून सुरुवात करून अलीकडच्यापर्यंत. तिच्या हिशेबानं हाक मिळाली तर माणूस येतो, नाही मिळाली तर दाराशी उभा राहतो. आपल्याच घरचं लग्न बाहेरून बघतो.

आतेला शब्दांच्या या प्रकाराचं फार हसू यायचं. पाट्यावर वाटण वाटता वाटता ती पप्पांचाच शब्द उचलायची आणि धवल्याच्या चालीत लावायची, “परिपत्र आलं गो माय, सर्कूलर आलं गो...” आई पदर तोंडाला लावायची. पप्पा चिडायचे.

“हिरे, मस्करी करू नको. देशाला दोन भाषा हायत. एक साहेबाची, एक सरकारची. पोरांना दोनी आल्या क झाला.”

“न् आपली रं, दादूस?”

“आपली घरातली. ती कुटं जात नाय. तिला क अभ्यास करावा लागतंय?”

नियम मोडला म्हणून मी आणि मंगल ओरडायचो, जेवताना पप्पांचाच तुकडा आतेच्या ताटात जायचा. ती तो मंगलला द्यायची. त्या घराचा आवाज मला आजही ऐकू येतो. वरवंट्याची घसर, तव्यावर तांदळाच्या भाकरीला पाणी लावल्याचा चर्र, खिडकीखालून ओरडत जाणारी कोळीण, आणि त्यावर पप्पांचं ‘अनुमोदन’. वालाचं बिरडं आणि सुकट असली की घर दुसऱ्या गल्लीपर्यंत कळायचं. माझ्या शाळेतल्या मुलांना ते कळू नये म्हणून मी त्यांना कधीच घरी आणलं नाही. हे मी फार लवकर शिकलो. ते मात्र कुठल्याही फळ्यावर लिहिलेलं नव्हतं.

शाळा इंग्रजी. तिथं पहिली भाषा इंग्रजी, दुसरी हिंदी, मराठी तिसरी, आणि घरची कुठंच नाही. मी दोन्हीत बोलायला चुरचुरीत निघालो. वक्तृत्वाची बक्षिसं आणायला लागलो. एकाच कार्यक्रमात इंग्रजीतून स्वागत आणि हिंदीतून आभार, दोन्ही मीच करायचो, मध्ये मध्ये टाळ्या पडतील असे विनोद पेरून. पप्पा मागच्या रांगेत बसायचे, शर्टाचं वरचं बटण लावून. कामावरचे लोक त्यांना पी. के. म्हणत, आणि ते नावही त्यांना दोन्ही भाषांतलं वाटायचं. त्यांचं खरं नाव पोशा. गावाकडून कुणी येऊन जिन्यातून “पोशाऽ” अशी हाक मारली की ते घाईघाईनं दार उघडून त्याला आत घ्यायचे. शेजाऱ्यांनी ऐकू नये म्हणून. त्या वेळी मला ते बरोबर वाटायचं. आता वाटतं, लाज ही वस्तू त्यांनी मला हातात दिली नव्हती, फक्त ती कुठं ठेवलेली असते ते दाखवलं होतं. उचलली मी.

पप्पा गेले ते लवकर गेले. पनवेलच्याच एका दवाखान्यात शेवटचे दिवस काढले. डॉक्टर हिंदी बोलणारे. सुरुवातीला पप्पा त्यांच्याशी “मुझे विलंब हो रहा है” असं काहीतरी भलतंच शुद्ध बोलायचे आणि परिचारिका हसायच्या. मग हळूहळू, ताप उतरेनासा झाला तसे ते शब्द एकेक करून गेले. आधी इंग्रजी गेली, मग हिंदी, मग पुस्तकातली मराठीही. उरली ती आमची. “मना निवट्यांचा कालवन दे,” एवढंच म्हणायचे. निवटे म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारे मासे. आते कुठून कुठून हिंडून घेऊन आली. दोन घास खाल्ले. आणि वाटी बाजूला करून त्यांनी तिचं मनगट धरलं. मी पायाशी उभा होतो.

“हिरे, मंगीच्या लग्नान मना हाक मारशील ना?”

“मारीन क, दादूस. न् लग्नान तू सोताच बसशील. उगा क बोलतंस?”

“मोठ्यान मार. न् त्या पी. के. नको बोलू. पोशा म्हणून हाक मार. नायतं मना कललाच नाय तं?”

हे मी ऐकलं आहे. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

मंगलचं लग्न पुढल्याच वर्षी ठरलं. मुलगा इंजिनियर, खारघरला नव्या इमारतीत राहणारा. मंडळी मूळची आपट्याकडची, आमच्यातलीच, पण घरात इंग्रजी वर्तमानपत्र येणारी आणि सासू नोकरी केलेली. मी तेव्हा बेलापूरच्या एका कंपनीत नुकता लागलो होतो आणि घरातला कर्ता पुरुष झालो होतो. माझे साहेब दिल्लीकडचे. त्यांनी हळदीला येतो म्हटलं आणि माझी झोप गेली. आमच्या इमारतीच्या आवारात मांडव घातला, डीजे सांगितला. आणि निवेदन दुसरं कोण करणार, मीच. इंग्रजी आणि हिंदी. आईनं विचारलं, “हिराचा धवला कवा?” मी म्हटलं, “पाहुणे यायच्या आधी उरकून घेऊ.” उरकून, असंच म्हटलं मी.

आतेनं त्या दिवशी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, हाक मारायची तर तोंड कोरडं लागतं म्हणायची. जुनी, जरीचा काठ विरलेली लुगडी असतात ना, तसलं एक नेसली होती. जोडीला साथीण होती गावची बारकूबाय. धवला एकटीनं होत नाही. एकीनं ओळ टाकायची आणि तिचा श्वास संपायच्या आत दुसरीनं ती उचलायची, म्हणजे आवाज कुठंच तुटत नाही. मंगल पाटावर बसली. उन्हं अजून इमारतीच्या टाकीवर होती. आतेनं डोळे मिटले आणि गावदेवीपासून सुरुवात केली. माईक तिला दिला होता, पण तिनं तो बारकूबायच्या मांडीवर ठेवून दिला होता, खेळण्यासारखा.

पाहुणे लवकर आले. साहेबही लवकर आले, बायकोला घेऊन. मी त्यांना पहिल्या रांगेत बसवलं, सरबत दिलं. धवल्याची चाल तुम्ही ऐकली असेल तर सांगायला नको, नसेल ऐकली तर कशी सांगू? ती गाण्यासारखी कमी आणि लांबून कुणाला तरी हाक मारल्यासारखी जास्त असते. साहेबांच्या बायकोनं वाकून मला विचारलं, “ये रो क्यों रही हैं? सब ठीक है ना?” तिचं चुकलं नाही काहीच. चेहऱ्यावर खरी काळजी होती. पण मागं माझ्या ऑफिसची पोरं बसली होती, त्यांच्यातल्या एकानं तो सूर नाकातून काढून दाखवला आणि बाकीचे खाली माना घालून हलायला लागले. माझे कान तापले. मी आतेकडं बघितलं. देव संपले होते. ती आमच्या घरातल्या गेलेल्यांपाशी आली होती. पणज्यांच्या आधीचे कुणी, त्यांची नावं मी त्याआधी कधी ऐकली नव्हती आणि त्या दिवशीही ऐकली नाहीत, कारण माझं लक्ष साहेबांच्या ग्लासाकडं होतं. मग आज्याचे भाऊ. मग आजी. मग आजा, म्हणजे तिचा बाप. तिथं तिचा आवाज जरा जड झाला, आणि बारकूबायनं ती ओळ उचलून धरली. आता पुढचं नाव पप्पांचं होतं. मला ते ठाऊक होतं. पाटावर मंगलनं मान वर केली होती, आई दारातून दोन पावलं पुढं आली होती. त्यांनाही ठाऊक होतं.

मी बारकूबायच्या मांडीवरचा माईक उचलला. म्हटलं, “लेडीज अँड जेंटलमेन, धिस वॉज अवर लोकल रेडिओ. नाऊ, लेट अस चेंज द स्टेशन.” हशा झाला. आणि मग, पप्पांनी शिकवल्यासारखं, प्रत्येक गोष्ट दोन्ही भाषांतून झाली पाहिजे म्हणून, तेच हिंदीतून. “तो ये था हमारे गाँव का रेडिओ, अब ज़रा स्टेशन बदलते हैं।” या वेळी जास्त मोठा हशा झाला, कारण हिंदी सगळ्या पाहुण्यांना येत होती. डीजेवाल्याला मी बोटानं खूण केली आणि स्पीकर सुरू झाले.

आतेचं तोंड उघडंच राहिलं होतं. श्वास घेतलेला होता, तो सोडायला जागा नव्हती. मग तिनं तो हळूच सोडला आणि माझ्याकडं बघून हसली. पोरांचं काही चांगलं चाललेलं असेल तर मोठी माणसं हसतात तशी. मी जवळ गेलो तेव्हा तिनं माझ्या कानाशी तोंड आणून विचारलं, कारण स्पीकरमुळं दुसरं काही ऐकूच येत नव्हतं.

“क बोललास रं दिन्या? कनाला हासली मानसा?”

आणि मी म्हणालो, “बोललो क आमच्या आतेचा आवाज रेडिओवर लागावा असा हाय.”

तिचा चेहरा असा उजळला. “खरा? इंग्रजीन बोललास?”

“दोन्हीत बोललो.”

“दादूस ऐकाला पायजे व्हता,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “मंग पुढचा घेव क? त्यालाच बोलवाचा राहिलंय.”

“नंतर, आते. पाव्हणे आलेत ना.”

ती बारकूबायला घेऊन पाण्याच्या पिंपाशेजारी जाऊन बसली. तिथून मांडव दिसत होता. मध्येच मी बघायचो तेव्हा ती माझ्याकडंच बघत असायची, नंतर म्हणजे आता का, असं. मी मान वळवायचो. हळद लागली, नाच झाला, साहेब जेवून, छान झालं म्हणून गेले. दुसऱ्या दिवशी अक्षतांच्या आधी ती पुन्हा माझ्याजवळ आली, “दिन्या, आता?” आणि मी म्हटलं, “आता गुरुजी आलेत, आते.” विहीणबाई, म्हणजे मंगलची सासू, मांडवातून निघताना आईला म्हणाल्या, “धवला अर्ध्यावरच का राहिला हो? मी मुद्दाम त्यासाठी लवकर आले होते. आमच्याकडची धवलारीण वारली, आता ऐकायलाच मिळत नाही.” ज्यांच्यासाठी मी ते केलं अशी मी स्वतःची समजूत घातली होती, त्यांना तेच हवं होतं. आईनं विहीणबाईंच्या ओटीत नारळ घातला.

बारकूबायचा नातू शाळेत जाणारा होता आणि त्या दिवशी मांडवात होता. शाळेतल्या पोराला हिंदी कळतेच. त्यानं आजीला सांगितलं असणार आणि आजीनं हिराआतेला. कधी, कुठं, मला माहीत नाही. मला कळलं ते असं. लग्नानंतर काही दिवसांनी मी कामावरून आलो, पाय धुतले आणि ताटावर बसलो. आते भाकरी घेऊन आली आणि म्हणाली, “तुमी घ्याल का अजून एक?”

मी मागं वळून बघितलं. माझ्यामागं कुणीच नव्हतं.

“आते, मना बोलतंस?”

“हो. तुमालाच विचारते, दिनेश.”

जन्मापासून तिनं मला ‘तू’ म्हटलं, ‘दिन्या’ म्हटलं, ‘मेल्या’ म्हटलं. त्या दिवसापासून शेवटपर्यंत मी ‘तुमी’ झालो. पप्पांनी इतकी वर्षं आमच्याकडून जी घोटून घेतली ती पुस्तकातली मराठी, तिनं पाट्याशी बसून ऐकता ऐकता उचललेली होती, ती आता ती माझ्याशी वापरायला लागली. आईशी आणि मंगलशी पहिल्यासारखंच. मी आत आलो की बोलणं तिथंच थांबवून “आलात का?” म्हणायची. कुठं राग नाही, टोमणा नाही. चहा वेळेवर. भाताखाली हात घालून मी पहिले काही दिवस बघितलं, हे सांगायलाही लाज वाटते. तुकडा ताटात वर, उघड्यावर ठेवलेला असायचा, पाहुण्याला वाढतात तसा.

मी तेव्हा पाय धरले असते तर तिनं मला ‘मेल्या’ म्हणून डोक्यात टपली मारली असती, यात मला शंका नाही. मी धरले नाहीत. आज धरू, सणाला धरू, असं करत राहिलो, आणि मनात एक साळसूद हिशेब असा की तिनं उघड विचारलेलं नाही म्हणजे कदाचित तिला कळलेलंच नसेल. तिनं त्यानंतर कुणाच्याच लग्नात धवला घेतला नाही. लोक बोलवायला यायचे, गावाहून जीप घेऊन यायचे, ती म्हणायची आवाज बसलाय. पाट्यावरचं गाणंही थांबलं. मग आईनं मिक्सर घेतला, आणि मग ते लक्षातही येईनासं झालं.

मंगल मात्र एकदाच बोलली. माझं लग्न झाल्यानंतर, पप्पांच्या श्राद्धाचं जेवण झालं होतं, आम्ही दोघं ओट्याशी उभे होतो, ती उरलेलं बिरडं डब्यात भरत होती. तिनं वर न बघता म्हटलं, “दादा, मी पाटावर बसले होते ना, तेव्हा मला वाटलं पप्पा आलेच आता. एवढ्यावर आले होते. तू त्यांना दारात ठेवलंस.” मग डब्याचं झाकण लावलं आणि विचारलं, तुझी बायको दही कुठलं आणते? मी दह्याचं सांगितलं. तिचा संसार चांगला झाला, देवाच्या दयेनं सगळं आहे, आणि असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही असं मी चारचौघांत म्हणतो. पण मी दारात उभ्या असलेल्या माणसाला फार वेळ बाहेर ठेवू शकत नाही. कुरियरवाला असला तरी उठतो.

आते गेली तेव्हा मी कामानिमित्त बाहेरगावी होतो. आईनं सांगितलं, शेवटी शेवटी ती ओठ हलवत असायची. मला एसटीतून उतरणारे पप्पा आठवले. काय म्हणत होती ते आईला कळलं नाही. मला वाटतं मला कळतं. ती नावं होती. दुसरं काय असणार? ती एकटीच सांभाळत होती ती सगळी माणसं, आणि तिला त्यांना कुठंतरी उतरवून ठेवायचं होतं. मी घरात असतो तरी तिनं माझ्याकडं ती दिली असती का? तिनं मला “तुमी बसा” म्हटलं असतं.

हे सगळं आता लिहायला बसलो त्याला कारण माझ्या मुलीची हळद. सानिका खारघरला वाढली. आमच्या घरी इंग्रजीच बोलतात, बाईशी आणि वॉचमनशी हिंदी. पप्पांचं स्वप्न तिच्यात पुरं झालं असं म्हणता येईल. तिनंच हट्ट धरला की धवला पाहिजे. मी म्हटलं, आता कोण गातं? तर तिनं मोबाईलवरून शोधून काढली, उलव्याच्या बाजूची एक तरुण धवलारीण, सविता नावाची. जोडीला तिची जाऊ. दोघी स्कूटरवरून आल्या, हेल्मेट काढली, केस नीट केले, नऊवारी नेसूनच आल्या होत्या. हॉल थंडगार होता. तिकडं विमानतळाच्या बाजूनं काहीतरी घरघर सतत चालू होती. साथिणीनं माईक मांडीवर ठेवला आणि मी उठून जरा लांब जाऊन उभा राहिलो.

सविता चांगली गायली. खरं सांगायचं तर आतेइतकीच. तीच लांबून हाक मारल्यासारखी चाल, तोच न तुटणारा आवाज. माझ्या मुलीच्या मैत्रिणी मोबाईल उंच धरून अगदी गप्प बसल्या होत्या. एकही हसली नाही. वाट बघत होतो की काय मी कुणीतरी हसण्याची? मंगल माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. देव संपले. मग गाणं थांबलं नाही, सूर नुसता खालच्या अंगाला लांबवून धरला जावेनं, आणि सविता माझ्याकडं वळून हळू आवाजात म्हणाली, “काका, तुमच्या घरातली नावा सांगा. जुन्यांपासून.”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आई घरी अंथरुणावर, तिला आता काही आठवत नव्हतं, तेव्हा मीच घरातला मोठा. मी आज्याचं नाव सांगितलं. आजीचं सांगितलं. त्याच्या आधीचं मला एकही येत नव्हतं. मंगलकडं बघितलं, तिनं मान हलवली. जावेचा सूर चालूच होता, तिचा श्वास संपत आला तसा सवितानं तो तिच्याकडून घेतला, धरून ठेवला, माझ्याकडं बघत. मी म्हटलं, “हिराबाय. माझी आते. ती धवलारीण व्हती.” सवितानं मान डोलावली. मग मी म्हटलं, “पोशा.”

“न् पूर्ण नाव, काका?”

“पोशाच बोला. मोठ्यान बोला.”

तिनं चौघांना हाका मारल्या. शेवटच्या हाकेला मंगलनं माझा दंड धरला, तिची नखं लागली मला. हाक मारून झाल्यावर सविता पुन्हा माझ्याकडं बघत राहिली, अजून कुणी? सूर धरलेलाच होता. आमच्या घरातली सगळी माणसं त्या सुरापलीकडं उभी होती, मिठागरावरची, खाडीतली, आतेच्या तोंडातली, आणि मला दोन्ही भाषा उत्तम येत होत्या.

“एवढीच,” मी म्हटलं.

“ऱ्हावंद्या,” ती म्हणाली. तिच्या आवाजात जरासुद्धा आश्चर्य नव्हतं, हेच मला सहन झालं नाही. “आता सगल्यांकरं असाच होतंय. त्याचा बोल हाय माज्याजवल.” आणि तिनं डोळे मिटून जावेकडून सूर घेतला आणि ओळ टाकली. “जेंची नावा घरच्यांना ठाव नाय, तुमी पन या गो, तुमी पन या.”